एम्ब्रियो ट्रान्सफरनंतर प्रवासाच्या धक्क्याने गर्भ पडतो का?

आयव्हीएफ उपचारासाठी भंडारा जिल्ह्यातली अनेक जोडपी नागपूर गाठतात. भंडारा शहरातून हे अंतर साधारण ६० किलोमीटर, साकोलीहून जवळपास १००. उपचारातला महत्त्वाचा टप्पा म्हणजे एम्ब्रियो ट्रान्सफर, म्हणजेच तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडणं. यानंतर बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. प्रश्न तिथूनच सुरू होतात. खड्ड्यांच्या रस्त्याने काही होईल का? किती दिवस पडून राहायचं? आणि रिझल्ट निगेटिव्ह आला, तर 'तू हललीस म्हणून गेलं' हे बाईलाच ऐकावं लागतं. यात तथ्य किती?

ट्रान्सफरमध्ये नेमकं काय होतं?

स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचं फलन लॅबमध्ये होतं. तयार झालेला भ्रूण तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भाशयात सोडतात, किंवा गोठवून नंतरच्या महिन्यात वापरतात. ट्रान्सफरच्या वेळी बहुधा लघवी भरलेली ठेवायला सांगतात, कारण त्यामुळे सोनोग्राफीत गर्भाशय स्पष्ट दिसतं. एका मऊ, बारीक नळीतून थेंबभर द्रवासोबत भ्रूण आत सोडला जातो. नंतर नळीत भ्रूण अडकलेला तर नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं आणि सहसा भूल लागत नाही.

मग तो बाहेर का पडत नाही?

गर्भाशय ही रिकामी पिशवी नसते. तिच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्या ओलसर अस्तरात हा सूक्ष्म भ्रूण टेकलेला असतो. त्यामुळे चालण्याने, खोकल्याने किंवा गाडीच्या धक्क्याने तो निसटत नाही. लघवीचा मार्ग तर पूर्ण वेगळा आहे.

बेडरेस्टने यश वाढतं, असंही अभ्यासात दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या प्रजनन-वैद्यक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ट्रान्सफरनंतर बेडरेस्टची शिफारस करू नये असं म्हटलं आहे. घरातली हलकी कामं चालतात. दिवसभर वाकून रोवणी करणं किंवा ओझं उचलणं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

यश कशावर ठरतं?

स्त्रीबीजाचं वय, भ्रूणाची प्रत, त्यातले गुणसूत्रांचे दोष आणि गर्भाशयाचं अस्तर यांवर. चांगला दिसणारा भ्रूणही कधी रुजत नाही. त्यात बाईची चूक नसते.

वाट पाहताना काय लक्षात ठेवायचं?

रक्ताची बीटा एचसीजी तपासणी साधारण १० ते १४ दिवसांनी होते. त्याआधी थोडा डाग दिसला म्हणून सगळं संपलं असं नाही. प्रोजेस्टेरॉनची औषधं स्वतःहून बंद करू नयेत. घाईने केलेली घरगुती चाचणी फसवू शकते, कारण आधी दिलेल्या एचसीजी इंजेक्शनचा अंश शरीरात असू शकतो. पोट खूप फुगणं, दम लागणं, लघवी कमी होणं किंवा तीव्र पोटदुखी असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

कायदा काय सांगतो?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा हिचा जन्म झाला. त्यानंतर साडेतीन दशकांनी, २०२१ मध्ये या उपचारांसाठी स्वतंत्र कायदा आला. त्यानुसार क्लिनिकची नोंदणी आणि लेखी संमती सक्तीची आहे. यशाची शक्यता, खर्च आणि धोके आधीच समजावून सांगणं ही क्लिनिकची जबाबदारी आहे. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत जोडप्याला संमती मागेही घेता येते. उरलेले भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं साठवता येतात.

म्हणून क्लिनिकमध्ये पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक, एकूण खर्च आणि आपल्या वयात यशाची शक्यता किती, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि तिथे नवऱ्यासोबत सासूबाईही आल्या, तर धक्क्याचा प्रश्न त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारलेला बरा.