बेस गिटारसाठी कॅबिनेट घेताना

यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात लेक बेस गिटार वाजवणार? मग कॅबिनेट घेण्याआधी ॲम्पच्या मागे लिहिलेले किमान ओहम वाचा. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की भार ४ ओहम होतो. ४ ओहमची दोन जोडली तर २. ॲम्पची मर्यादा ४ असेल, तर तो ऐन कार्यक्रमात तापून बंद पडू शकतो. म्हणून आधी बारा इंची स्पीकरचे, ८ ओहमचे एकच घ्या. पुढे तसेच दुसरे जोडता येईल. १९६९ च्या अँपेग एसव्हीटीला दहा इंची आठ स्पीकर असत. शाळेच्या हॉलला तेवढे लागत नाहीत. जोडायला स्पीकरचीच केबल वापरा, गिटारची नव्हे. आणि हो, घेण्याआधी उचलून पाहा. पार्किंगपासून स्टेजपर्यंत हमाल आपणच!