जुन्या गार्डन ट्रॅक्टरांच्या एंजिनाची व शक्तिप्रेषणाची परीक्षा

अमेरिकेत ‘गार्डन ट्रॅक्टर’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र आपल्याकडे द्राक्षबागांतून फिरणाऱ्या लहान ट्रॅक्टरांपैकी नव्हे. घराभोवतीच्या एक-दोन एकरांतील गवत कापणे, हिवाळ्यात बर्फ सारणे आणि प्रसंगी एका फाळाचा नांगर ओढणे, ही त्याची कामे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ‘कब कॅडेट’ १९६१ च्या सुमारास व जॉन डिअर कंपनीचा ‘११०’ हा १९६३ मध्ये बाजारात आला. दोहोंवरही प्रारंभी ७ अश्वशक्तीचे कोलर एंजिन होते. त्या पिढीतील पुष्कळ यंत्रे आजही विकली व घेतली जातात आणि काम करतात. म्हणूनच त्यांची परीक्षा कशी करावी, हा यंत्रशास्त्राच्या अभ्यासकास केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा प्रश्न वाटू नये.

खरेदीदारास सामान्यतः थंड यंत्र आणि थोडा वेळ एवढेच मिळते. तेवढ्यात तो दोन गोष्टी करतो: एंजिनास दाबमापक लावून पाहतो आणि यंत्र अंगणात चार फेऱ्या चालवून पाहतो. या दोन्ही परीक्षा फसव्या आहेत. इतकेच नव्हे, तर त्या परस्परविरुद्ध दिशांनी फसवतात. पहिलीमुळे सुदृढ एंजिन नाकारले जाते, तर दुसरीमुळे झिजलेले प्रेषण स्वीकारले जाते. असे का घडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एंजिनाचा विचार करू. कोलरची ‘के’ मालिका ही बिडाच्या ठोकळ्याची, एकाच सिलिंडरची आणि झडपा बाजूस असलेली रचना होय. हाताने अथवा लहान स्टार्टरने एंजिन सहज फिरावे म्हणून या मालिकेतील बहुतेक एंजिनांच्या कॅमदंडावर दाब सोडणारी स्वयंचलित योजना बसविलेली असते. एंजिन मंद गतीने फिरत असताना ही योजना संपीडन-धावेच्या आरंभीच्या भागात निष्कास झडप किंचित उघडी ठेवते. गती वाढताच केंद्रोत्सारी वजने तिला बाजूस सारतात. साहजिकच स्टार्टरने फिरवून घेतलेले दाबमापन नव्या एंजिनातही कमीच भरते. तो आकडा पाहून ‘कड्या गेल्या’ असा निर्णय देणे म्हणजे एंजिनाने जाणूनबुजून सोडलेला दाब त्याच्या दोषांत मोजणे होय.

गळतीची परीक्षा यापेक्षा विश्वसनीय ठरते. दट्ट्या संपीडन-धावेच्या अगदी वरच्या टोकास आणावा. तेथे दाब सोडण्याची योजना निष्क्रिय असते व दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. क्रँक पक्का अडवून प्रज्वलक-प्लगच्या छिद्रातून दाबाखालील हवा सोडावी आणि ती कोठून निसटते हे ऐकावे. धुराड्यातून फुसफुस आली तर निष्कास झडप, कार्ब्युरेटरमधून आली तर अंतर्ग्रहण झडप आणि क्रँकपेटीच्या श्वासनळीतून आली तर कड्या व सिलिंडर सदोष समजावे. हवेची सोय नसेल, तर प्रज्वलन बंद करून हाताने गतिचक्र उलट दिशेने झटक्यासरशी फिरवावे. चक्राने जोराने उसळी घेतली, तर संपीडन समाधानकारक आहे. ही जुनी कारागिरी रीत आहे. परंतु तिच्यामागील तर्क निर्दोष आहे.

कड्या व झडपा झिजल्या तरी एंजिन पुन्हा उभे करता येते. या रचनेचे खरे मर्मस्थान कनेक्टिंग रॉड हे आहे. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असून सामान्यतः वेगळ्या बेअरिंग-कवचाविना थेट क्रँकपिनवर फिरतो. त्यास वंगण पोहोचविण्यास पंप नाही. रॉडच्या खालच्या टोकाचा लहानसा पळीसारखा भाग तेल उडवतो, तेवढेच. १२ अश्वशक्तीच्या ‘के-३०१’ एंजिनाची धाव ३.२५ इंच, म्हणजे सुमारे ८२.५ मिलिमीटर आहे. मिनिटास ३,६०० फेऱ्यांस दट्ट्याची सरासरी गती सेकंदास सुमारे ९.९ मीटर होते. अशा गतीत तेलाची पातळी उतरली, किंवा तीव्र उतारावर तेल एका बाजूस गेले, की पिन कोरडी पडते, रॉड तुटतो आणि पुष्कळदा ठोकळ्याची भिंत फोडून बाहेर येतो. म्हणून जाणता परीक्षक अश्वशक्ती विचारण्यापूर्वी तेलाची कांडी काढून पाहतो. दट्ट्या वरच्या टोकाजवळ असता गतिचक्र किंचित पुढेमागे हलवावे. दट्ट्या हलण्यापूर्वी ढिलाई व मंद ठोका जाणवला, तर मोठ्या टोकाची झीज संभवते. १० अश्वशक्ती व त्यावरील काही एंजिनांत कंपने कमी करण्यासाठी दोन संतुलक दंतचक्रे असतात. त्यांचे बेअरिंग झिजून एखादे चक्र तुटले, तर तेही ठोकळा निकामी करू शकते.

आता शक्तिप्रेषण. पहिल्या कब कॅडेटची गिअरपेटी फार्मॉल कब या शेतीच्या ट्रॅक्टरावरून घेतलेली होती. अशा बिडाच्या पेटीची परीक्षा सोपी आहे: भाराखाली गिअर आपोआप निसटतो काय, मागील आस वर-खाली हलतो काय आणि तेल दुधाळ, म्हणजे पाणी शिरलेले आहे काय, एवढे पाहिले तरी बहुतेक चित्र स्पष्ट होते.

हायड्रोस्टॅटिक, म्हणजे द्रवस्थितिक प्रेषणाची गोष्ट निराळी. त्यात एंजिनाने चालणारा बदलत्या धारितेचा दट्ट्या-पंप तेल ढकलतो व ते तेल एक मोटर फिरवते. दट्टे आणि त्यांची भोके, तसेच फिरता सिलिंडर-गट आणि त्यास टेकलेली झडप-पट्टी, यांमधील फटींतून थोडी गळती नेहमीच होते. अरुंद फटीतील प्रवाह दाबफरकाच्या व फटीच्या जाडीच्या घनाच्या सम प्रमाणात, तर तेलाच्या श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. फट दुप्पट झाली, तर गळती आठपट! तथापि थंड तेल दाट असते आणि तो दाटपणा झीज झाकून टाकतो. अंगणातील चार फेऱ्यांत यंत्र उत्तम चालते. अर्धा-पाऊण तास काम केल्यानंतर तेच यंत्र चढावर थबकते. अशा यंत्राची परीक्षा चांगले तापल्यावर, भार देऊन आणि चढावरच केली पाहिजे. विक्रेता एवढा वेळ देण्यास नाखूश असेल, तर त्याचाही विचार किमतीत व्हावा.

येथे दोन सावधगिरी आवश्यक आहेत. पंपावरील पंखा तुटला असेल किंवा शीतक-पाती गवताने भरल्या असतील, तर निर्दोष पंपही तापून दुबळा भासतो. ती आधी साफ करावीत. दुसरे असे की तटस्थ स्थितीत यंत्र हळूहळू सरकत असेल, तर पुष्कळ लोक पंप गेला असे समजतात. जुन्या कब कॅडेटांत याचे कारण बहुधा पंपाबाहेर, नियंत्रक भुजेच्या झिजलेल्या खाचेत असते आणि ती भरून व घासून पूर्ववत करता येते.

तासमापकाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आरंभीच्या पुष्कळ यंत्रांवर तो नाही. असला, तरी तो बदलता येतो. पायपट्टीवरील रबराची व पुढील चाकांच्या खुंटांची झीज त्याहून अधिक प्रामाणिक आहे.

किंमत ठरविताना दोन्ही भागांना समान वजन देणे मात्र चुकीचे होईल. ‘के’ एंजिनाचा सिलिंडर मोठ्या मापास कातता येतो, क्रँकपिन ०.०१० इंच लहान घासून त्या मापाचा रॉड बसवता येतो. हे काम साधारण कार्यशाळेच्या आवाक्यातील आहे. द्रवस्थितिक पंपाच्या घासल्या गेलेल्या पृष्ठभागांना जी सपाटी व सूक्ष्मता लागते, ती तेथे सहसा साधत नाही, आणि मग दुसऱ्या मोडीत निघालेल्या ट्रॅक्टराचा पंप शोधावा लागतो. धूर ओकणारे एंजिन व सशक्त प्रेषण असलेले यंत्र, नव्याने रंगविलेल्या पण तापल्यावर चढ न चढणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक किमतीचे आहे. बाजारभाव मात्र पुष्कळदा याच्या उलट असतो.