बारा माणसं झाली की होडी सुटते

सिंगापूरमध्ये चांगीच्या धक्क्यावर होडीवाले काका डोकी मोजतायत. नऊ... दहा... अकरा. आणखी एक जण आला की झालं! या लाकडी होडीला इथे बमबोट म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत ती आपल्याला पुलाउ उबीन या बेटावर पोचवते. ‘पुलाउ’ म्हणजे मलाय भाषेत बेट.

बारावा माणूस येईपर्यंत एक कोडं घालते. भारतात सगळ्यांत जास्त लोकवस्तीचं राज्य उत्तर प्रदेश. मग सिंगापूरमधलं कोणतं?

कोणतंच नाही! या देशात राज्यंच नाहीत, त्यामुळे मुख्यमंत्रीही नाहीत. एक शहर म्हणजेच अख्खा देश, आणि त्याला एकच संसद. आकारानं तो मुंबई शहर आणि उपनगरांहून थोडासाच मोठा, पण माणसं 60 लाखांच्या घरात. एकट्या बेडोक भागात अडीच लाखांहून जास्त. आणि उबीनवर? बेट चांगलं 10 चौरस किलोमीटरचं, पण राहणारी माणसं काही डझनच.

एके काळी इथे दोनेक हजार लोक राहत. त्यांना इथे आणलं ते दगडानं. उबीनचा ग्रॅनाइट हातात घेऊन बघा. काचेसारखे गारगोटीचे कण, पांढुरके कण, मधूनच काळे ठिपके, सगळे वेगवेगळे दिसतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात असे कण सहसा दिसत नाहीत. का बरं? सह्याद्रीचा लाव्हा जमिनीवर येऊन पटकन थंड झाला, कणांना वाढायला सवडच मिळाली नाही. उबीनचा शिलारस मात्र जमिनीच्या पोटात खोलवर, सावकाश थिजला. तेही वीस कोटी वर्षांहून आधी!

हाच दगड हॉर्सबर्ग दीपगृहाला लागला आणि सिंगापूरला मलेशियातल्या जोहोरशी जोडणाऱ्या रस्त्यालाही. मग खाणी बंद पडत गेल्या, शेवटची 1999 मध्ये. काम गेलं तशी माणसंही गेली. खाणींत पावसाचं पाणी साठून निळीहिरवी तळी झाली.

मग उरलेल्या माणसांना वीज कुठून मिळते? आपल्या घारापुरी बेटावर 2018 मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली. उबीनला अशी केबल नाही. तिथे डिझेल जनरेटर चालतात आणि सौर पॅनल. घारापुरीला ग्रामपंचायत आहे, उबीनला पूर्वी गावाचा मुखिया असे. आता बेटाचा कारभार मुख्यतः कोण बघतं, ठाऊक आहे? राष्ट्रीय उद्यान मंडळ! बागा आणि झाडं सांभाळणारं खातंच इथे गावही सांभाळतं. मला तर हे फारच आवडलं.

बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाचा किनारा आहे. तिथे समुद्रात भराव घालायचं ठरलं होतं. ते कळल्यावर निसर्गप्रेमी ओहोटीच्या चिखलात उतरले, एकेक जीव मोजू लागले, शेकडो लोकांना बोलावून दाखवू लागले. डिसेंबर 2001 मध्ये, अगदी काम सुरू होण्याच्या तोंडावर, सरकारनं तो भराव पुढे ढकलला. अजूनही तो घातलेला नाही.

म्हणून आज तिथे खारफुटीच्या मुळांशी निवटी दिसते, आपल्या कोकणच्या खाडीत असते तशीच. मासा असून चिखलावर टुणटुण उड्या मारते. समुद्रगवतात टेंगळंटेंगळं असलेले तारामासे पसरलेले असतात. डोक्यावरून काळा-पांढरा धनेश पंख वाजवत जातो.

जायचं झालं तर ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा. आणि परतताना धक्क्यावर वेळेत या. तिकडेही बारा माणसं जमावी लागतात!