सतरा पायऱ्यांचा हिशेब

आपल्या समाजातील बहुतेक जुन्या व्यापारी घरांची रचना एकच असते : खाली दुकान, मागे गोदाम आणि वर घर. वाडवडिलांनी ती विचारपूर्वक केली. दुकानावर लक्ष राहावे, भाडे वाचावे आणि दुपारच्या जेवणाला दोन मिनिटांत वर जाता यावे. त्या रचनेत एकच गोष्ट कोणी हिशेबात धरली नव्हती. जिना चढणारे पाय एक दिवस थकणार आहेत.

आमचे घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत आहे. जिना सागवानी आणि अरुंद असून त्याला सतरा पायऱ्या आहेत. आईचे वय ८१. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत ती रोज सकाळी उतरून मंदिरात दर्शनाला जात असे, आणि दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणीही घेत नसे. मग गुडघे धरले आणि एका डोळ्याची नजर मंदावली. आधी रोजचे दर्शन आठवड्यावर आले, नंतर पर्वतिथीपुरते उरले. पोष दशमीला भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला गाडी निघाली, तेव्हा ती वरच्या खिडकीत उभी राहून हात जोडत होती. त्यानंतर चार महिने ती खाली उतरलीच नाही.

तिला पडण्याची भीती वाटते, असे आम्ही धरून चाललो होतो. विचारल्यावर ती म्हणाली, “पडायचं तर पडेन रे, पण पायाखाली काय येतंय ते दिसत नाही. मुंग्यांच्या रांगेवर पाय पडला तर?” पाहून पाऊल टाकण्याची जी शिस्त ईर्या समितीत सांगितली आहे, ती तिने गृहस्थाश्रमात राहून आयुष्यभर पाळली होती. जिना तिच्यासाठी केवळ उतरण्याचा मार्ग नव्हता, हे आम्हाला त्या दिवशी उमगले.

पर्यायांचा शोध तिथून सुरू झाला. परदेशात वृद्धांच्या घरी स्टेअरलिफ्ट, म्हणजे जिन्यावरून सरकणारी खुर्ची, पुष्कळ वर्षांपासून वापरली जाते. आपल्याकडे ती नवी वाटते, पण तिच्यामागची कल्पना आपल्याला परकी नाही. पालिताण्याला शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या वृद्ध यात्रेकरू डोलीत बसून चढतात. गिरनारला ऑक्टोबर २०२० मध्ये रोपवे सुरू झाला. ज्याचे पाय थकले त्याने दर्शनाला मुकू नये, हाच त्यामागचा भाव आहे. घरातल्या जिन्याकडे मात्र त्या नजरेने आपण पाहत नाही.

या यंत्राची रचना साधी आहे. जिन्याच्या एका कडेने धातूची पट्टी बसवतात. ती बहुधा भिंतीला नव्हे, तर पायऱ्यांनाच घट्ट केलेली असते, त्यामुळे जुन्या मातीच्या भिंतीची चिंता उरत नाही. मात्र लाकडी पायरी आतून पोखरलेली नाही, याची खात्री सुताराकडून करून घ्यावी लागते. पट्टीवरून मोटारीची खुर्ची सरकते. तिला कमरपट्टा असतो, पाय ठेवायला फळी असते, आणि त्या फळीला काही अडले तर खुर्ची जागीच थांबते. वर पोहोचल्यावर खुर्ची जिन्याकडे पाठ करून फिरते, म्हणजे उतरताना तोल गेला तरी माणूस जिन्यात पडत नाही. ही फिरण्याची सोय नसलेली खुर्ची कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

खुर्ची बॅटरीवर चालते आणि थांबण्याच्या जागी आपोआप भारित होते. म्हणून वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा गुण लहान नाही.

आता खर्चाकडे वळू. किंमत ठरवणारी पहिली गोष्ट कंपनी नसून जिना आहे. सरळ जिन्याला तयार पट्टी कापून बसवता येते. वळणाच्या जिन्याला मापे घेऊन पट्टी खास घडवावी लागते, म्हणून तिची किंमत दुप्पट-तिप्पट होते. आमच्या सतरा पायऱ्यांपैकी चौदा सरळ आणि खालच्या तीन वळणाच्या. त्या तीन पायऱ्यांनी आम्हाला घाम फोडला.

आम्हाला मिळालेली दरपत्रके अशी होती. वळणाची पट्टी ८,४०,००० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,९१,२०० रुपये. सरळ पट्टी ३,१०,००० रुपये, जीएसटीसह ३,६५,८०० रुपये. दोन मजल्यांची घरगुती लिफ्ट ११,५०,००० रुपये, जीएसटीसह १३,५७,००० रुपये, आणि बांधकामाचा खर्च वेगळा. यांतील दोन दरपत्रकांत जीएसटी धरलेलाच नव्हता. विचारल्यावर तो पुढे आला. पेढीवर माल घेताना आपण जो प्रश्न सर्वांत आधी विचारतो, तो घरच्या खरेदीत विसरतो.

आणखी एक मोह टाळावा. खुर्ची दुकानाच्या नावावर घेऊन जीएसटीचा परतावा घ्यावा, असा सल्ला हमखास मिळतो. घरगुती वापराच्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. आईच्या खुर्चीसाठी वहीत खोटी नोंद करणे अचौर्याच्या व्रतातही बसत नाही.

घरगुती लिफ्टचा विचार करणाऱ्यांनी दोन कायदे ध्यानात घ्यावेत. महाराष्ट्र लिफ्ट, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम, २०१७ अन्वये लिफ्टला विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाची परवानगी लागते. दुसरी अडचण खास चंद्रपूरची आहे. गोंडकालीन तट हे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास बंदी असून दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये बांधकामावर नियंत्रण असते. आमचे घर तटापासून दूर आहे. पण ज्यांची घरे तटालगत आहेत त्यांनी घराबाहेर लिफ्टचा मनोरा उभारण्याचे ठरवण्यापूर्वी चौकशी करावी. जिन्यावरच्या खुर्चीला असा मनोरा लागत नाही.

आमचा प्रश्न सोडवला तो कंपनीच्या माणसाने नव्हे, तर आमच्या जुन्या सुताराने. जिना न्याहाळून तो म्हणाला, “शेठजी, यंत्र वाकवण्यापेक्षा जिनाच सरळ करा ना. खालच्या तीन पायऱ्या गोदामाकडे काढून देतो.” त्यासाठी गोदामातली मालाची एक मांडणी हलवावी लागली आणि सुतारकाम व गवंडीकामाला ३८,००० रुपये लागले. आता सतराही पायऱ्या सरळ झाल्या. एकूण खर्च ४,०३,८०० रुपये झाला. वळणाच्या पट्टीच्या तुलनेत ५,८७,४०० रुपये वाचले. यंत्राची दरपत्रके मागवण्याआधी जिन्याचीच तपासणी करा, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

खरेदीची किंमत हा हिशेबाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा पुढच्या वर्षांत लपलेला असतो. आमच्या वार्षिक देखभालीचा करार करासह १४,१६० रुपयांचा असून तो दुसऱ्या वर्षापासून सुरू होईल. खुर्ची आठ वर्षे वापरू असे धरले, तर सात वर्षांचे ९९,१२० रुपये होतात. बॅटऱ्या उष्णतेत लवकर थकतात, आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून आठ वर्षांत दोनदा बॅटऱ्या बदलण्याचे २४,००० रुपये धरले. सर्व मिळून ५,२६,९२० रुपये. दिवसांनी भागले तर रोजचे सुमारे १८० रुपये होतात. वळणाच्या पट्टीला पुढे गिऱ्हाईक जवळजवळ मिळत नाही, कारण ती एकाच जिन्यासाठी घडवलेली असते. सरळ पट्टी मात्र दुसऱ्या घरी कापून बसवता येते. तरीही हिशेबात आम्ही तिची परतकिंमत शून्यच धरली.

देखभालीच्या करारात रकमेपेक्षा महत्त्वाची एक ओळ असते : कारागीर किती दिवसांत येईल? बहुतेक कारागीर नागपुराहून येतात. चंद्रपूरला तो सकाळी निघून दुपारी पोहोचतो. गडचिरोलीचे गणित वेगळे आहे. आलापल्ली, सिरोंचा या बाजूला अंतर तर मोठे आहेच, शिवाय पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा ठिकाणी खुर्ची बंद पडली तर आई-वडील वरच अडकतील. म्हणून मुदत लेखी घ्यावी, हाताने खुर्ची खाली आणण्याची पद्धत घरातील दोघांनी तरी शिकून घ्यावी, आणि पट्टीवरील धूळ रोज कोरड्या कापडाने पुसावी. कोळशाच्या खाणींजवळ राहणाऱ्यांना धुळीबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही.

सर्वांसाठी हाच मार्ग योग्य आहे, असे मात्र नाही. वडशाला आमच्या मावशी राहतात. त्यांच्या मुलानेही खुर्चीची चौकशी केली होती. पण मावशींना पार्किन्सनचा त्रास आहे आणि खुर्चीत बसणे-उठणेच कठीण जाते. ज्यांना तोल सांभाळून बसता येत नाही किंवा विस्मरणामुळे मध्येच पट्टा सोडण्याची सवय लागते, त्यांच्यासाठी ही खुर्ची सुरक्षित नाही. वडशाच्या घरात स्वयंपाकघर खालीच आहे, मागे अंगण आहे, शेजारणी येऊन बसतात. तिथे खालची खोली नीट करून कमोड, आधाराचे दांडे आणि खडबडीत फरशी बसवली. १,६०,००० रुपयांत काम झाले आणि मावशी समाधानी आहेत.

आमच्याकडे तोच विचार आधी झाला होता. गोदामाला लागून आईची खाट टाकू, असे ठरतही आले होते. पण त्या खोलीला खिडकी नाही. स्वयंपाकघर, नातवंडे, आईचे सामायिकाचे आसन, सारे वर. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घर वर जमणार आणि तिचे ताट खाली जाणार. लाख-दीड लाखात काम झाले असते, पण घरात राहून आई घराबाहेर गेली असती. कोणता पर्याय स्वस्त, हे रकमेवरून ठरत नाही. आई-वडिलांचा दिवस कुठे आणि कोणासोबत जातो, त्यावरून ते ठरते.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे की, दरपत्रक मागवण्यापूर्वी तीन गोष्टी करा. आई-वडिलांना विचारा की त्यांना कुठे जायचे आहे. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून जिन्यावर त्यांचे चालणे दाखवा. कित्येकांना दोन्ही बाजूंचे कठडे आणि चांगला उजेड एवढेच पुरते, आणि तो खर्च काही हजारांतच भागतो. आणि जिना मोजा. रुंदी अडीच फुटांपेक्षा कमी असेल, तर खुर्ची बसली तरी इतरांची ये-जा अडेल. घडी केलेली खुर्चीसुद्धा सव्वा ते दीड फूट जागा घेते.

एक विचार संघांसाठीही. अनेक गावी आपली मंडळे चाकाची खुर्ची, रुग्णखाट, प्राणवायूचे यंत्र गरजूंना वापरायला देतात. त्यांत बॅटरीवर जिना चढणारी एक सुटी खुर्ची ठेवता येईल. खुब्याचे हाड मोडून दोन-तीन महिने वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला कायमची पट्टी लागत नाही. तसेच ज्या घरातील सरळ पट्टीची गरज संपली असेल, तिची नोंद मंडळाच्या वहीत राहिली तर ती दुसऱ्या घराला उपयोगी पडेल. नको असलेली वस्तू धरून न ठेवणे, हाही अपरिग्रहच.

खुर्ची बसवली त्या दिवशी आईने आधी धाकट्या सुनेला जिना पुंजून घ्यायला लावले. मग पट्टा बांधून ती बसली. पौषधाच्या दिवशी ती खुर्चीला हात लावत नाही. त्या दिवशी वरच राहते. इतर दिवशी सकाळी खुर्चीने खाली उतरते, नातवाचा हात धरून मंदिरात जाऊन येते, आणि परत आली की वर जाण्याआधी दहा मिनिटे गल्ल्याजवळ बसते. जुनी गिऱ्हाइके तिला नमस्कार करतात. परवा तिने मला उधारीच्या वहीतली एक राहून गेलेली नोंद दाखवली. रक्कम होती १८५ रुपये. त्या दिवसाचा खुर्चीचा खर्च निघाला.