मोज्यातली काळी सुरी

श्रोतेहो, लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार आपण पुष्कळांनी पाहिली असेल. तिला कोणी भीत नाही. उलट ती दिसली नाही, तर घरची वडील मंडळीच विचारतात, "अरे, कट्यार कुठे राहिली?" पण तीच कट्यार कमरेला खोवून कोणी बाजारच्या दिवशी एस.टी.त चढला, तर? वस्तू तीच, पण पाहणाऱ्याची नजर पार बदलते. नेमका हाच पेच दूरच्या स्कॉटलंडमधल्या एका सुरीच्या वाट्याला आला आहे. तिची हकिगत आज सांगायची आहे.

ग्रेट ब्रिटन बेटाचा उत्तरेकडचा भाग म्हणजे स्कॉटलंड. त्यातल्या डोंगराळ मुलखाला हायलँड म्हणतात. तिथल्या पुरुषांचा समारंभाचा पोशाख मोठा देखणा असतो. कमरेला चुण्याचुण्यांचा, चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी किल्ट. पुढे लोंबणारा कातडी बटवा. पायांत गुडघ्याखालपर्यंत चढवलेले जाड मोजे. आणि उजव्या पायाच्या मोज्यात, काठाशी खोवलेली एक लहानशी सुरी. माणूस डावखुरा असला, तर ती डाव्या मोज्यात जाते.

या सुरीचे नाव 'स्कीअन डू'. हे शब्द गेलिक भाषेतले. स्कीअन म्हणजे सुरी आणि डू म्हणजे काळी. काळी का? कोणी म्हणतात, मूठ काळ्या लाकडाची म्हणून. कोणी म्हणतात, काळी म्हणजे लपवलेली. पाते साधारण तीन-साडेतीन इंचांचे, एकाच बाजूने धारेचे. मूठ लाकडाची किंवा हरणाच्या शिंगाची. काही मुठींवर केर्नगॉर्म डोंगराच्या नावाने ओळखला जाणारा धुरकट पिवळा स्फटिक जडवतात. नेसण्याची रीत अशी, की मोज्याच्या वर मुठीचा वरचा भाग तेवढा दिसावा. सबंध मूठ बाहेर डोकावू लागली, तर जाणती माणसे हसतात.

या सुरीची एक गोष्ट सांगतात. जुना हायलँडर म्हणे काखेजवळ सुरी दडवून फिरे. पण कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला, की ती बाहेर काढून मोज्यात, चारचौघांना दिसेल अशी खोवी. म्हणजे यजमानाला भरवसा, की पाहुण्याने काही लपवलेले नाही. गोष्ट सांगोवांगीची आहे खरी, पण त्या पोशाखाचा शिष्टाचार तिच्यात नेमका आला आहे.

आता इतिहासाकडे वळू. १७४५ साली स्टुअर्ट घराण्यातल्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने हायलँडमध्ये उठाव झाला. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तो मोडला गेला. मग सरकारने हायलँडर लोकांची शस्त्रे काढून घेतली आणि त्यांच्या पोशाखावरही बंदी घातली. किल्ट नेसलेला पुरुष वा मुलगा सापडला, तर सहा महिने कैद. पुन्हा सापडला, तर सात वर्षे समुद्रापलीकडे हद्दपारी. सवलत होती ती फक्त फौजेतल्या लोकांना. ही पोशाखबंदी १७८२ साली उठली.

याच हायलँडर पलटणींशी आपलाही संबंध आला आहे, बरे का. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढलेल्या इंग्रजी सैन्यात ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी होत्या.

पुढे हेन्री रेबर्न या चित्रकाराने १८१२च्या सुमारास ग्लेनगॅरीच्या कर्नल मॅक्डोनेलचे एक मोठे चित्र काढले. त्यात मोज्यातली सुरी दिसते. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्या स्वागताची मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याने केली, आणि राजाने स्वतः किल्ट नेसला. ज्या पोशाखासाठी पूर्वी कैद होत असे, तो आता दरबारी मानाचा झाला. आजही लग्नात किंवा २५ जानेवारीला, रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जन्मदिनाच्या मेजवानीत, ही सुरी दिसते.

मग आजचा कायदा काय म्हणतो? इंग्लंड-वेल्समध्ये १९८८चा आणि स्कॉटलंडमध्ये १९९५चा कायदा सांगतो, की सार्वजनिक जागी धारदार वा टोकदार वस्तू बाळगणे हा गुन्हा आहे. तीन इंचांपर्यंत पात्याचा, मिटणारा लहान चाकू तेवढा यातून सुटतो. आपली सुरी मिटत नाही, तेव्हा ती कायद्याच्या कचाट्यात येते. पण कायद्याने काही कारणे मान्य केली आहेत. कामधंद्यासाठी हत्यार लागते, हे एक. धर्माची आज्ञा, हे दुसरे. शीख बंधूंची कृपाण त्यात येते. नांदेडला आपण ती पाहतोच, आणि आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमातही तिचा उल्लेख आहे. तिसरे कारण म्हणजे राष्ट्रीय पोशाखाचा भाग. मोज्यातली सुरी येते ती इथे.

खरी मेख इथेच आहे. सवलत सुरीला नाही, पोशाखाला आहे. किल्ट नेसलेला माणूस ती मोज्यात खोवून लग्नाला गेला, तर ती पोशाखाचा भाग. तोच माणूस दुसऱ्या दिवशी साध्या पाटलोणीच्या खिशात ती घालून हिंडला, तर ते हत्यार. आणि कारण योग्य होते, हे दाखवून देण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावरच असते.

म्हणूनच प्रवासात घोटाळा होतो. समजा, ग्लासगोचा एक तरुण मित्राच्या लग्नासाठी लंडनला विमानाने निघाला. सुरी आजोबांची. ती त्याने हातातल्या पिशवीत टाकली, तर तपासणीत अडलीच म्हणून समजा. तिथे "ही आमची परंपरा" म्हणून भागत नाही. विमान पकडायचे, तर सुरी मागे सोडावी लागते. आजोबांची आठवण कायमची हातची जाते. परतताना तर आणखी फसगत. लग्न उरकून किल्टवरच विमानतळ गाठला आणि सुरी मोज्यातच विसरली, असे व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा शहाणा माणूस काय करतो? सुरी म्यानात घालून, नीट गुंडाळून, किल्टच्याच पेटीत ठेवतो आणि ती पेटी विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात देतो. आगगाडीने जायचे असले, तरी ती पेटीत बंद ठेवतो आणि मांडवात पोचल्यावर पोशाखाबरोबरच बाहेर काढतो. परदेशी जायचे असेल, तर तिथला कायदा आधी विचारतो; कारण ब्रिटनमधली सवलत ब्रिटनपुरतीच. आणि शंका वाटली, तर नुसती मूठ असलेली, बिनपात्याची नकली सुरी खोवतो. मोज्याबाहेर दिसते ती मूठच. पोशाखाला उणेपणा येत नाही.

शिक्षकबंधूंनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी आणि मुलांना विचारावे: सरकारने एकदा कैदेची भीती घालून जो पोशाख बंद केला, त्यालाच पुढे कायद्यात जागा का दिली असेल? मुले आपापली उत्तरे देतील. मला सुचते ते एवढेच, की ती जागा विश्वासाने दिलेली आहे. पाहुण्याने सुरी मोज्यात, उघड्यावर ठेवावी, हा जुना शिष्टाचार ज्याने पाळला, त्याला नवा कायदा पाळणे जड जाणार नाही.