विद्यार्थी-खेळाडू आणि मध्यम मार्ग

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा येते. चंपा नगरीतील धनाढ्य कुळात वाढलेला हा तरुण इतका सुकुमार होता की त्याच्या तळपायांवर लव उगवली होती. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळील सीतवनात तो चंक्रमण करू लागला, ते इतक्या निष्ठेने की तळपाय फाटून चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला त्याच्या जुन्या वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तर वीणा बोलत नाही आणि फार सैल सोडली तरी बोलत नाही. हा दृष्टान्त आपल्या समाजात सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र त्याच प्रकरणातील पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. भगवंत उपदेशावर थांबले नाहीत. त्यांनी सोणाला एकपदरी पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. एकट्यासाठी ही सवलत घेण्यास सोणाने नकार दिला, तेव्हा ती साऱ्या भिक्खुसंघाला मिळाली.

विद्यार्थी-खेळाडूंच्या प्रश्नाचे मर्म आम्हांला या पुढच्या भागात दिसते. अभ्यास, खेळ आणि प्रकृती यांचा समतोल राख, असे मुलाला सांगणे सोपे असते. पण ज्यावर तो समतोल उभा राहतो ती जेवणाची वेळ, झोपेचे तास, पायातला बूट या गोष्टी निवासी शाळेत मुलाच्या हाती नसतात. त्या शिक्षकांच्या, अधीक्षकांच्या आणि संस्थेच्या हाती असतात.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलांचे वर्ष कसे जाते ते पाहावे. पावसाळ्यात घरी आवणीची कामे असतात. कसाऱ्याच्या घाटात धुके आणि पाऊस हटलेले नसतात, मैदानावर चिखल असतो, आणि तेवढ्यात तालुका पातळीवरील कबड्डी, खो-खो व मैदानी स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. जो संघ जिंकतो तो जिल्ह्याला जातो, मग विभागाला. आणि दिवाळीपूर्वीची प्रथम सत्र परीक्षा याच प्रवासात येऊन ठाकते. म्हणजे जो चांगला खेळतो त्याच्याच वाट्याला अभ्यासाचे सर्वांत कमी दिवस येतात. हा त्या मुलाचा आळस नव्हे, वेळापत्रकाची रचनाच तशी आहे. अशा मुलांची परीक्षा नंतर घेणे आणि बुडालेले धडे एखाद्या वर्गमित्राच्या सोबतीने भरून काढणे, एवढे शाळेला करता येते. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, हे पालकांना माहीत असावे. परंतु त्या भरवशावर वह्या कोऱ्या ठेवू नयेत.

सर्वांत मोठी हेळसांड झोपेची होते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, असे निद्राशास्त्र सांगते. पहाटे पाचला सरावाला उठणारे मूल रात्री साडेदहापर्यंत अभ्यासिकेत बसले तर त्याला साडेसहा तासच मिळतात. गाढ झोपेत शरीरात वाढीचे संप्रेरक स्रवते, दिवसभराच्या श्रमाने झिजलेले स्नायू सावरतात आणि वाचलेले स्मरणात रुजते. मैदान आणि परीक्षा या दोहोंची तयारी करणारी ही एकच झोप आहे. तेव्हा पहाटेच्या सरावाच्या मुलांची अभ्यासिका नऊला संपवावी; त्यात अभ्यासाचे नुकसान नाही.

दुखण्याबाबतही असेच. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, जेथे स्नायूची दोरी हाडाला मिळते, तेथे धावण्या-उड्यांमुळे कळ येते. काही आठवडे धावणे कमी केले तर ती बहुधा शमते, दामटले तर चिघळते. ‘सहन कर’ हा सल्ला येथे सोणाच्या रक्ताळलेल्या वाटेकडे नेतो. मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. सराव वाढला आणि आहार तेवढाच राहिला तर मासिक पाळी अनियमित होते. रक्तातले लोह आधीच कमी असेल तर धाप लागते, डोके दुखते, वर्गात लक्ष लागत नाही. नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, कडधान्ये, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि जेवणानंतर लगेच चहा नाही, एवढ्याने पुष्कळ साधते. थकवा टिकला तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

घाटापलीकडे नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत अनवाणी धावू लागल्या. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन, हा पल्ला त्यांनी गाठला. त्यांची जिद्द सर्वजण सांगतात. नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी दिलेली वर्षानुवर्षांची शिस्तबद्ध साथ कमी सांगितली जाते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव तेथे पोहोचावेत म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. प्रत्येक शिक्षकाने घर गहाण टाकावे, असे कोणी म्हणणार नाही. रात्रीचे दिवे वेळेवर मालवण्याला तर काहीच खर्च येत नाही.

मनाचा विषय मात्र एवढ्याने सुटत नाही. घरी राहणारे मूल सामना हरले तर आईच्या कुशीत रडते. वसतिगृहातले मूल पांघरूण डोक्यावर ओढून घेते. पुढचे काही दिवस ते चिडते, जेवण टाकते, सरावाला जाण्यापूर्वी पोट दुखते म्हणते. त्याच्यापाशी निकालाचा विषय न काढता बसणारे एक मोठे माणूस त्या वेळी हवे, मग ते अधीक्षक असोत वा स्वयंपाकघरातल्या मावशी. इगतपुरीचे धम्मगिरी आपल्या डोक्यावरच आहे, आनापानाची ओळख आपल्या मुलांना आहे. सामन्यापूर्वी दहा मिनिटे श्वासाकडे पाहिल्याने घाबरणे ओसरते. मात्र आनापान हे भुकेवरचे किंवा जागरणावरचे औषध नव्हे. आळवीच्या भुकेल्या शेतकऱ्याला भगवंतांनी आधी जेवू घातले आणि नंतर धम्म सांगितला, अशी धम्मपद अट्ठकथेतील कथा आहे.

माजी विद्यार्थी संमेलनाला येताना विजेत्यांसाठी करंडक आणतात, त्याचा आनंदच आहे. बूटही आणावेत. वाढत्या वयात पाय वर्षभरात एखाद्या मापाने मोठा होतो आणि आखूड बुटाने नखे काळी पडतात. तेव्हा जूनमध्ये सर्व मुलामुलींची मापे घ्यावीत, केवळ संघात निवडलेल्यांची नव्हे, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा तपासावीत.