तिसरी पिन

आमच्याकडे विदर्भात उन्हाळ्यात पाहुणा आला की पाण्याच्या पेल्यासोबत एक सूचनाही मिळते. "कुलरला हात लावायचा तर चप्पल घालून हं!" आमच्या कुलरशेजारी तर रबरी चपलांचा एक जुना जोड कायमचा ठेवलेला असायचा. लेक हाताशी आली तेव्हा तिलाही तेच शिकवलं, आधी चप्पल, मग पाण्याची बादली. जरा झिणझिण्या येतात, एवढंच! त्या झिणझिण्यांसोबत आम्ही कितीतरी उन्हाळे काढले. यात काही चुकतंय असं मला, बचत गटात आरोग्यावर तासभर बोलणाऱ्या बाईला, कधी वाटलंच नाही.

डोळे उघडले ते गटातल्या एका मैत्रिणीमुळे. तिने कर्ज काढून घरगुती पिठाची गिरणी घेतली. चार दिवसांनी बघायला गेले, तर ही लाकडी पाटावर उभी राहून दळतेय. म्हणाली, "ताई, जरा करंट मारते हो. पण पाटावर उभं राहिलं की काही नाही होत." मी प्लग बघितला. वरची जाड पिन कापलेली! घरात दोनच भोकांचा सॉकेट, म्हणून कुणीतरी तिला असं 'जमवून' दिलं होतं.

आमच्या ओळखीचे एक वायरमन काका आहेत, परवानाधारक, वयस्कर आणि फटकळ. त्यांना घेऊन गेले. पिन बघून ते आधी चिडले आणि मग त्यांनी आम्हा दोघींची शाळाच घेतली. मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं, पण हा 'अर्थ' काही तिथे भेटला नव्हता!

वीज एका तारेने येते, दुसरीने परत जाते. मग तिसरी कशाला? तर यंत्राच्या आत कुठे तारेचं वेष्टण खराब झालं आणि ती पत्र्याला चिकटली, की सगळा पत्रा जिवंत होतो. आपण ओल्या हाताने, अनवाणी त्याला हात लावला की वीज आपल्यातून जमिनीत उतरते. तिसरी, हिरवी तार त्या पत्र्याला थेट जमिनीशी जोडते. मग वीज या सोप्या वाटेने एकदम जोरात धावते आणि त्या लोंढ्याने फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. वरची पिन लांब का, तर प्लग लावताना तीच आधी लागावी आणि काढताना तीच शेवटी सुटावी म्हणून. आपण नेमकी तीच कापतो!

काका जाता जाता म्हणाले, "ताई, तुमच्या घरी आहे ना अर्थिंग?" मी ऐटीत म्हटलं, "सगळीकडे तीन भोकं आहेत."

त्यांनी बोर्ड उघडला. हिरवी तार गुंडाळी करून मागे खोचून ठेवलेली, कुठेच जोडलेली नाही. स्वयंपाकघरातली हिरवी तार तर नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली. घर बांधलं तेव्हा तो पाइप जमिनीत जात होता. पुढे बाहेरची लाइन प्लास्टिकची टाकली, आणि आमचं 'अर्थिंग' अधांतरी राहिलं. म्हणजे फ्रिजमध्ये बिघाड झाला असता तर वीज नळात आली असती! सासूबाई रोज पहाटे त्याच नळाला हात लावतात. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग अंगणात खड्डा खणला. अडीच मीटरचा जाड लोखंडी पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. जमीन ओली असली की वीज नीट उतरते. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला तर अर्थिंग नावालाच उरतं, म्हणून आमच्याकडे आता तुळशीनंतर त्यालाही तांब्याभर पाणी.

न्हाणीघरात काकांनी आणखी एक गोष्ट केली. गिझर, लोखंडी पाइप, असं जे जे धातूचं होतं ते एका तारेने एकमेकांना आणि अर्थला जोडलं. याला बाँडिंग म्हणतात. दोन टाक्यांतलं पाणी सारख्या पातळीला असलं की मधल्या नळीतून ते वाहत नाही, तसंच विजेचं. एक हात गिझरवर, दुसरा पाइपावर असला तरी दोन्हींत फरकच नसेल तर वीज अंगातून जाणार नाही.

तरी एक फट उरतेच. घरातला फ्यूज पाच-पंधरा अँपिअरला उडतो आणि माणसाचा जीव जायला त्याचा अगदी छोटासा अंशही पुरतो. म्हणून मीटरनंतर आरसीसीबी बसवला. गेलेली वीज आणि परत आलेली वीज हा सतत ताडून बघतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी क्षणात पुरवठा तोडतो. एका बऱ्या साडीच्या किमतीत येतो. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं.

एक मात्र लक्षात ठेवा हं. काही जण खड्ड्याचा खर्च टाळायला सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतात. पुढे न्यूट्रल कुठे तुटली तर सगळ्या यंत्रांचे पत्रे जिवंत होतात. असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा! आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बरी. ओला कपडा टाकताना बाईला शॉक बसल्याची बातमी दर पावसाळ्यात असतेच.

गिरणीवाल्या मैत्रिणीच्या अर्थिंगसाठी गटाने थोडं कर्ज दिलं. तिचे दोन हप्ते फिटलेत, पाटही गेला. पण गटातल्या सहा जणी भाड्याच्या घरात राहतात. एकीचा घरमालक म्हणतो, "तीस वर्षं काही झालं नाही, आता कशाला अंगण खणायचं?" रविवारी काकांना घेऊन आम्ही चौघी त्याच्याकडे जाणार आहोत. त्याच्या बायकोलाही कुलरजवळ चप्पल घालावी लागते का, तेवढं आधी विचारून ठेवलंय. लागते म्हणे!